रात्री तीन वाजता मिळालेलं नाव : मिशनमध्ये नेतृत्व बदलताना देवाची इच्छा ओळखायची कुणी?

नगरची_लेक

सलाम मंडळी. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या संस्थेचे संचालक (संस्थेचं नाव सांगणार नाही, शोधूही नका) बावीस वर्षांनी निवृत्त होतायत. गेल्या महिन्यात तीन दिवस उपवास-प्रार्थना झाली. साखळी प्रार्थनेच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या होत्या, माझी पहाटे साडेचारची. शेवटच्या संध्याकाळी साहेब उभे राहिले, बायबलमधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "प्रभूने मला रात्री तीन वाजता नाव दिलं." नाव त्यांच्या जावयाचं.

पुढच्या रांगेत "आमेन" जोरात झालं. मागे आमच्यापर्यंत येईतो त्यातला जीव गेला होता. नंतर चहाचे कप गोळा करताना स्वयंपाकाच्या मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "तीनला मला बी जाग येती बाई. पण मला डास उठवत्यात."

जावई वाईट माणूस नाही. हिशोबाला चोख आहे, मुलांमध्ये रमतो. त्याच्या नावाला माझा विरोध नाही, त्या वाक्याला आहे. "देवाने मला सांगितलं" म्हटलं की पुढे बोलायला जागाच राहत नाही. हरकत घेतली तर ती जावयावर राहत नाही, थेट देवावर जाते. असं मार्गदर्शन ज्याला मिळालं त्याने ते सगळ्यांसमोर ठेवावं, पंधरा दिवस थांबावं, बाकीच्यांनाही प्रार्थना करू द्यावी. बाकीच्यांना "नाही" म्हणायची मुभा नसेल, तर त्यांच्या "हो"ला काय किंमत?

हे याआधी फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय, मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मी, लष्करी धर्तीवर चालणारी ख्रिस्ती संस्था). आम्हा नगरकरांना बूथ हॉस्पिटलमुळे ते आडनाव घरचंच. १८७८ च्या दस्ताप्रमाणे पुढचा जनरल, म्हणजे संस्थेचा प्रमुख, कोण, हे चालू जनरलनेच लिहून ठेवायचं होतं. ऑगस्ट १९१२ मध्ये संस्थापक विल्यम बूथ वारले, बंद लिफाफा उघडला, आत थोरल्या मुलाचं नाव, ब्रॅमवेल. तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, कारण कारभार वर्षानुवर्षं तोच बघत होता. पण १९२८ मध्ये ब्रॅमवेल स्वतः अंथरुणाला खिळले आणि पुढचा लिफाफाही त्यांच्याच हातचा असणार होता. जानेवारी १९२९ मध्ये देशोदेशीचे वरिष्ठ अधिकारी लंडनजवळ सनबरीला जमले, हीच हाय कौन्सिल. आधी त्यांनी ७२ वर्षांच्या त्या आजारी माणसाला निवृत्त व्हायची विनंती केली. ते नाही म्हणाले. मग मतदान झालं, ५५ विरुद्ध ८, जनरल पदावरून दूर. प्रकरण कोर्टात गेलं, फेब्रुवारीत पुन्हा मतदान झालं आणि एडवर्ड हिगिन्स जनरल झाले. जूनमध्ये ब्रॅमवेल वारले. १९३१ च्या कायद्याने लिफाफ्याची पद्धतच मोडीत निघाली. तेव्हापासून हाय कौन्सिल जनरल निवडते.

आमच्याकडे कागद अजून बायबलमध्येच आहे. शनिवारी पाच वाजता सर्वसाधारण सभा. काय करावं?

पास्टर_सोलापूर

ताई, प्रभूच्या नावाने सलाम. तुमची कळकळ समजते, पण तुम्ही सुचवताय त्याला मी घाबरतो.

मंडळीच्या निवडणुका जवळून बघितल्यात का कधी? मी बघितल्यात. साखर कारखान्याची निवडणूक परवडली. दोन पॅनेलं पडतात, नातेवाइकांची यादी निघते, पाच-पाच वर्षं उपासनेला न फिरकलेले सभासद जीपमधून आणले जातात. एका ठिकाणी तर आदल्या रात्री मटणाचा बेत होता, आणि सकाळी त्याच तोंडांनी प्रभुभोजन. निकालानंतर हरलेल्या गटाने शेजारच्या हॉलमध्ये वेगळी उपासना सुरू केली. आज त्या गावात दोन मंडळ्या आहेत आणि दोन्हीकडे पेटी वाजवायला माणूस नाही.

मोशेने आपल्यामागे कोण, हे ठरवताना मतपेटी ठेवली नव्हती. देवाने यहोशवाचं नाव सांगितलं, त्याने हात ठेवले, लोकांनी मानलं. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल यांना पाठवलं तेव्हाही "पवित्र आत्म्याने म्हटले" असंच लिहिलंय, "बहुमताने ठरले" असं नाही.

आपले ना. वा. टिळक बघा. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी संन्यास घेतला, "देवाचा दरबार" उभा केला. कमिटीचा ठराव घेऊन केलं का हे? ज्याला पाचारण होतं त्यालाच ते ऐकू येतं. बावीस वर्षं गुडघे टेकलेल्या माणसाच्या कानावर तुम्ही चहाच्या कपावरून शंका घेताय, एवढंच खटकलं.

नगरची_लेक

पास्टर, मटणाचं खरं आहे. तसलं मीही बघितलंय.

पण मोशेचा दाखला तुमच्या बाजूचा नाही. बायबलमधला गणना २७ काढा. मोशे स्वतः देवाला म्हणतो की मंडळीवर कुणीतरी नेम, नाहीतर ती मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी होईल. यहोशवाचं नाव आल्यावर देव काय सांगतो? त्याला एलाजार याजकासमोर आणि सगळ्या मंडळीसमोर उभा कर, आणि एलाजार उरीमाने (याजकाकडचं कौल घ्यायचं साधन) त्याच्यासाठी कौल विचारील. म्हणजे मोशेसारख्या मोशेलाही ते एकट्याने उरकायची मुभा नव्हती. शिवाय मोशेला दोन मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर. नाव त्यांच्यापैकी कुणाचं आलं नाही. (जावयाचा उल्लेख मला सापडला नाही, सापडला तर सांगा.)

अंत्युखियातही आत्मा बोलला तो एकाच्या कानात नाही. पाच जणांची नावं दिलीत, ते उपास करून उपासना करत होते, आणि पुन्हा उपास-प्रार्थना करून हात ठेवले ते सगळ्यांनी.

टिळकांचं म्हणाल तर त्यांनी स्वतःचा पगार सोडला, दुसऱ्याची खुर्ची वाटून दिली नाही. आपल्याला मिळालेल्या पाचारणाची किंमत आपणच मोजत असू तर कमिटी कशाला विचारायची? इथे किंमत साठ मुलं आणि अकरा कर्मचारी मोजणार आहेत.

मुक्तिफौज_तिसरी_पिढी

माझे आजोबा गणवेशात होते, चौकात ड्रम वाजवायचे, त्यामुळे थोडी भर.

धागाकर्तीने १९२९ सांगितलं, १९०४ सोडलं. जनरल असमर्थ ठरला तर त्याला हाय कौन्सिलने दूर करावं, ही सोय १९०४ च्या पुरवणी दस्तात खुद्द विल्यम बूथ यांनीच करून ठेवली होती. म्हणजे लिफाफा ज्याचा, मागचा दरवाजाही त्याचाच. म्हातारा भोळा नव्हता!

दुसरं, सनबरीला काय लोकशाहीचा उत्सव नव्हता. ब्रॅमवेलच्या विरोधातल्या मोठ्या नावांत त्यांची सख्खी बहीण इव्हांजेलिन होती, तुमच्या नगरच्या हॉस्पिटलला जिचं नाव आहे तीच. हिगिन्सांच्या समोर ती स्वतः उभी होती आणि हरली. १९३४ मध्ये जनरल झाली. आता यात देवाची इच्छा किती आणि भावंडांचं किती, हे तुम्हीच ठरवा. मी लिफाफ्याच्या बाजूचा नाही. पण मतदानाने घर फुटतं, हे पास्टरांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. आजारी जनरल आणि त्याने वाढवलेले अधिकारी कोर्टात समोरासमोर उभे राहिले, हेही त्याच वर्षातलं.

तर्कट

सोपं आहे की. चिठ्ठ्या टाका. देव असेल तर बरोबर चिठ्ठी काढेल, नसेल तर निदान जावई येण्याची शक्यता कमी होईल.

उपासनासंगीत

@तर्कट, तुम्ही चेष्टेत म्हणालात, पण हे खरंच झालंय. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी प्रेषित नेमताना योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं होती, प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाची निघाली.

मोरेव्हियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) मंडळींनी तर हे अठराव्या शतकात रोजच्या कारभारात आणलं. मिशनरी कुठे जाणार, कुणाचं लग्न कुणाशी, सगळ्याला चिठ्ठी. लेओनार्ड डोबर १७३२ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमध्ये काम करायला गेला, तोही चिठ्ठीचा कौल घेऊन. पुढे तोच मुख्य वडील झाला. सप्टेंबर १७४१ मध्ये लंडनच्या बैठकीत तो म्हणाला, हे ओझं मला झेपत नाही. एकेक नाव घेऊन चिठ्ठी काढली, प्रत्येक नावाला नकार. सगळे गप्प. मग कुणीतरी सुचवलं की ही जागा ख्रिस्तालाच द्यावी, आणि त्याला होकार आला. मुख्य वडिलांचं पद तेव्हापासून माणसाला नाही. रोजचं काम अर्थात माणसंच बघत राहिली, पण शेवटचा शब्द आपला म्हणणारा एक माणूस उरला नाही.

अवांतर : मत्थियाचं नाव त्यानंतर नव्या करारात पुन्हा येत नाही. आणि पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरल्यावर प्रेषितांनी परत चिठ्ठ्या टाकल्याचंही दिसत नाही.

वसईकर_आबा

आम्ही कॅथलिक, तेव्हा थोडं बाहेरून.

जेझुइट (येशूसंघ, कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) लोकांची रीत मला आवडते. नवा जनरल (त्यांचाही प्रमुख) निवडायच्या आधी चार दिवस प्रार्थना आणि दोघादोघांत बसून चौकशी. अमुक माणूस कसा आहे, तब्येत कशी, रागावतो का, हे विचारायचं. पण "याला मत द्या" म्हणायला बंदी, आणि स्वतःसाठी खटपट करणं तर गुन्हाच. मग मिस्सा, शांतपणे प्रार्थना, आणि चिठ्ठीवर नाव लिहून मतदान. म्हणजे आधी ऐकणं, मग मत. पास्टरांना मटणाची भीती असेल तर औषध हे आहे.

पण आमचंही सगळं गोड नाही. १९८१ मध्ये फादर अरूपे यांना पक्षाघात झाला. त्यांनी आपल्या जागी काळजीवाहू नेमला होता. पोपनी तो बाजूला ठेवून स्वतःचा प्रतिनिधी बसवला, फादर देझ्झा. फार जणांच्या जिव्हारी लागलं. तरी त्यांनी मानलं, आणि दोन वर्षांनी सभा भरली तेव्हा पहिल्याच फेरीत कोल्व्हेनबाख निवडून आले.

आणि कोलकात्याच्या मदर तेरेसा. १९९० मध्ये त्यांना आपल्या संघाचं प्रमुखपद सोडायचं होतं, सिस्टरांनी त्यांनाच पुन्हा निवडलं. मार्च १९९७ मध्ये सिस्टर निर्मला निवडून आल्या. मदर अजून हयात होत्या, पण नाव त्यांच्या बायबलमधून निघालं नाही, सिस्टरांच्या मतांतून निघालं. सिस्टर निर्मलांनी "मदर" म्हणवून घ्यायला नकार दिला. मला त्या सगळ्या प्रकरणात हा नकार सगळ्यात मोठा वाटतो.

पास्टर_सोलापूर

आबा, ही पद्धत चांगली आहे. मला मान्य. पण तिथे मत देणारे सगळे व्रतस्थ. आमच्याकडे सभासद यादी कशी बनते, हे तुम्हाला माहीत नाही.

आणि ताई, केडगावचं उदाहरण तुम्ही टाळलंत. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनसाठी मनोरमाला तयार केलं होतं. आपल्याच मुलीला. कुणी घराणेशाही म्हटलं का?

केडगाव_शटल

मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये गेल्या, आई एप्रिल १९२२ मध्ये. नऊ महिनेही नाहीत मधे. आईने मनात धरलेलं तिच्या डोळ्यांदेखत मोडलं. मिशन आजही चालू आहे. यातून लिफाफ्याच्या बाजूने काय सिद्ध होतं, कळलं नाही पास्टर.

धर्मादाय_फाइल

सगळं वाचलं, छान. एक रुक्ष मुद्दा. तुमची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल आणि संचालक विश्वस्तही असतील, तर कौल कुणालाही मिळो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. सोबत सभेची नोटीस, हजेरी, ठराव. तिथला बाबू "कोणत्या नियमाप्रमाणे निवडलं?" एवढंच विचारतो. "रात्री तीन वाजता" हे नियमावलीत बसत नाही. हरकत आली की दहा-दहा वर्षं फाइल पडून राहते आणि मधल्या काळात बँक सही मानत नाही. घटना काढून वाचा आधी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते आणि कुणी वाचलेली नसते.

नगरची_लेक

@धर्मादाय_फाइल, वाचली. आजच. १९७४ ची टाइप केलेली प्रत, कडा वाळवीने खाल्लेल्या. संचालक "सर्वसाधारण सभेच्या संमतीने" असं लिहिलंय. म्हणजे कागद वाचून दाखवला म्हणजे नेमणूक झाली असं नाही. शनिवारी आबांची पद्धत मांडणार. आधी पंधरा दिवस दोघादोघांत बोलणं, मग चिठ्ठीवर "हो" किंवा "नाही". जावयाच्याच नावावर. दुसरं नाव मी सुचवणार नाही.

पास्टर_सोलापूर

ठीक. विरोध नाही म्हणत, पण एक विचारतो. त्या मावशी, डासांवाल्या. त्यांना मत आहे का?

नगरची_लेक

यादी आत्ता बघितली. सभासद ४१. त्यांचं नाव नाही. वर्गणी भरलेले आणि "बाप्तिस्मा व दृढीकरण झालेले" एवढेच सभासद. मावशींचा बाप्तिस्मा झालाय, पण पन्नास रुपये वर्गणी कधी कुणी मागितलीच नाही. १९९६ पासून आहेत त्या.

पास्टर_सोलापूर

मग तुमची सभाही अर्धीच आहे की.

नगरची_लेक

हो. पन्नास रुपये मी भरले असते, पण नियमाप्रमाणे या सभेला ते चालणार नाहीत, तीन महिने आधी लागतात. शनिवारी चहा मांडायला त्या येणारच आहेत. सभा सुरू व्हायच्या आधी त्यांना आत बसायला सांगणार आहे. बसतील की नाही माहीत नाही, ओट्यावर दूध असतं तेव्हा.