उसाच्या चिपाडाचा लगदा करून काम केलंय, पावसाळ्यात बुरशी धरली. काय करू?

गुळव्याची लेक

नमस्कार. मी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात शिकते. माझे बाबा गुळव्या आहेत. गुऱ्हाळावर काईल, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, कधी उतरवायची हे तेच ठरवतात. हे का सांगतेय ते पुढे कळेल.

गेल्या फेब्रुवारीत वर्गात नवीन माध्यम घेऊन काम करायचं होतं. मी आधी रेझिन (ओतलं की प्लास्टिकसारखं घट्ट होणारं द्रव) आणलं, कारण मोबाईलवर रोज तेच बघत होते. त्यात पाचट, उसाची कांडी, गुळाचे खडे बुडवले. सुकल्यावर चकचकीत दिसलं, पण हात फिरवला तर सगळीकडे एकच गुळगुळीतपणा. ज्या पाचटाने लहानपणी माझे हात कापलेत, त्याची धारच गेली होती. मला ते बघवेना. ते काम मी जमा केलं नाही.

शनिवारी घरी गेले तेव्हा चुलवाणाशेजारी वाळत घातलेल्या चिपाडांवर बसले होते. हजार वेळा बसलेय, पण त्या दिवशी एक चिपाड हातात घेऊन सोलत राहिले. बाहेरची साल चिवट, दोऱ्यासारखी. आतला गाभा भुसभुशीत, चिमटीत धरला की पीठ. एकाच काडीत दोन वेगळ्या वस्तू. बाबांकडे पोतंभर मागितली तर म्हणाले, "जळणाची चित्रं काढतीस व्हय?" पण पोतं स्वतःच खांद्यावर घेऊन एसटीपर्यंत आले.

पुढचा महिना चुका करण्यात गेला. बोटभर तुकडे करून धुण्याच्या सोड्यात तीन तास शिजवले, धुतले, मुसळाने कुटले. पहिला लगदा वाळल्यावर बिस्किटासारखा मोडला. मग लक्षात आलं की गाभा काढायला हवा. चाळणीवर पाणी सोडत चोळलं की गाभ्याचा भुगा खाली जातो आणि धागे वर राहतात. लगदा झाला का हे कसं ओळखायचं, तेही कळत नव्हतं. बाबा गार पाण्यात पाक टाकून गोळी बघतात, मी काचेच्या पेल्यात चिमूटभर लगदा टाकून उजेडात धरायला लागले. धागे सुटे तरंगले की झाला, गुठळ्या दिसल्या की अजून कुटायचा.

गुळाचा रवा, म्हणजे ढेप, काढायच्या दहा किलोच्या बादल्या गुऱ्हाळावरून आणल्या. गूळ ओतायच्या आधी लावतात तसं आतून कापड लावलं आणि त्यावर लगदा थापला. वाळल्यावर बादली उलटी केली. कापडाची वीण, तळाशी जमलेल्या चुण्या, एका ठिकाणचं ठिगळ, सगळं जसंच्या तसं उमटलं होतं. गुळाच्या रव्यावर हे सगळं असतं, आपण ते कधी बघत नाही इतकंच. असे नऊ पोकळ रवे केले. हलके, हातात घेतले की वजनाचा अंदाज चुकतो. आमचे सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "याला रंग लावू नकोस." मला वर्षभरात मिळालेली सगळ्यात मोठी शाबासकी.

आता अडचण. जूनमध्ये मुंग्या लागल्या. जुलैत चार रव्यांना आतून करडी बुरशी आली. जानेवारीत प्रदर्शन आहे. वॉर्निश मारायचं म्हटलं तर पुन्हा तोच प्लास्टिकचा थर, ज्याच्यापासून मी पळाले. दोन प्रश्न विचारते:

वॉर्निशशिवाय हे टिकवता येईल का? लगद्यात मिसळलेल्या खळीत (पिठाच्या चिकीत) मी तुरटी घातली होती, ते बरोबर होतं का?

दुसरं, हे टिकलंच पाहिजे का? चिपाड जळायला किंवा कुजायलाच असतं. पण हे मनापासून वाटतंय की मेहनत वाचवायला सुचलेलं कारण आहे, हे मला ठरवता येत नाहीये.

खळ आणि दोरा

ताई, माझा पुस्तकबांधणीचा व्यवसाय आहे, तीस वर्षं झाली. मुंग्या आल्या म्हणजे साखर राहिली. तुम्ही धुतलं, पण पुरेसं नाही. शेवटचं धुतलेलं पाणी बशीत घेऊन मुंग्यांच्या वाटेवर रात्रभर ठेवा. सकाळी त्या बशीकडे फिरकल्या नसतील तर समजा झालं. आम्ही खळ शिजवताना चिमूटभर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतो, त्याने कीड आणि बुरशी दोन्ही येत नाही. मात्र ते विष आहे. भांडं वेगळं ठेवा, हात धुवा, घरात लहान मूल असेल तर नकोच.

आणि रवे बंद खोलीत एकावर एक रचून ठेवू नका. आमच्याकडे पावसाळ्यात पुस्तकं भिंतीपासून चार बोटं लांब ठेवतात. हवा खेळली तर निम्मं काम होतं.

जुनं कागदपत्र

मी जुन्या हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते. धुण्याबद्दल आणि हवेबद्दल वरच्या दादांशी पूर्ण सहमत. मोरचुदाबद्दल नाही. तांब्याचा क्षार कागदाला हळूहळू खातो. तांब्यापासून केलेला हिरवा रंग जिथे लावलाय तिथे पान तपकिरी होऊन चिरलेलं मी अनेकदा हाताळलंय. बांधणीच्या खळीत वापर वर्षानुवर्षं आहे हे मान्य, पण तुझं सगळं काम म्हणजेच लगदा आहे.

तुरटीही काढून टाक. तिने आम्लता वाढते आणि कागद ठिसूळ होतो. त्याऐवजी लगद्यात खडूची (कॅल्शियम कार्बोनेटची) बारीक पूड मिसळ. ती पुढे तयार होणारं आम्ल शोषत राहते. रंग थोडा फिका होईल, आधी एका तुकड्यावर करून बघ.

बुरशी आलेले चार रवे आधी बाकीच्यांपासून वेगळे कर. कोरडे होऊ दे, मग बाहेर मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटक. ओलं असताना पुसलंस तर बुरशी आत जाईल. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती परत येणार, त्यामुळे जागा महत्त्वाची.

धागा कोणता निवडतो यावर किती अवलंबून असतं ते बघ. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले सापडले. त्यावरचं संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झालं. तिथे किडीने झालेलं नुकसान अजिंठ्यापेक्षा कमी आहे आणि त्यामागे हे तंतू असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे.

अजून एक. जपानी हातकागदात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळाचा चीक पाण्यात घालतात. ते भेंडीच्याच जवळचं झाड. चिकामुळे धागे तळाशी बसत नाहीत, पाण्यात सारखे पसरून राहतात आणि कागद पातळ, एकसारखा होतो. तुला उपयोग होईल.

ड्रॉईंगच्या बाई

बाळ, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. शिल्पकार आणि मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातली 'जखमा' ही कामं बघ. मातीच्या किंवा मेणाच्या पत्र्यावर घाव करायचे, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्यात कागदाचा लगदा दाबायचा. पांढऱ्यावर पांढरं, रंग जवळजवळ नाहीच. तुझ्या सरांनी रंग लावू नको म्हटलं ते मला त्यामुळे पटलं. ती कामं टिकली आहेत आणि टिकल्यामुळे त्यातली जखम कमी झालेली नाही.

दुसरीकडे ईव्हा हेस. तिने १९६० च्या दशकात लॅटेक्समध्ये (रबराच्या चिकात) शिल्पं केली, आज त्यातली काही इतकी कडक आणि ठिसूळ झालीत की मांडताच येत नाहीत. तरी ती महत्त्वाची मानतात. म्हणजे दोन्ही चालतं. फक्त कुजू देणार असशील तर तो कामाचा भाग कर. एक रवा मुद्दाम सोड, दर आठवड्याला त्याच उजेडात फोटो काढ, तारीख टाक. बाकीचे नीट धुऊन नव्याने कर. नुसते कोपऱ्यात ठेवून कुजले तर तो निष्काळजीपणा होईल, आणि तू तशी मुलगी वाटत नाहीस.

गुळव्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, बशी ठेवली होती. सकाळी काळी झालेली, मुंग्यांनी. अजून चार पाणी धुतलं, काल रात्रीच्या बशीत एकही नव्हती.

ताई, भेंडीचं वाचून मी उठून उभी राहिले. आमच्याकडे रसातली मळी वर आणायला भेंडीच वापरतात! झाड ठेचून पाण्यात कुस्करायचं आणि तो चीक काईलीत सोडायचा. मी लहानपणापासून तो बुळबुळीत हात बघत आलेय, आणि लगदा तळाशी बसतो म्हणून महिनाभर काठीने ढवळत होते. बाबांना फोन केला. जपानचं सांगितलं तर थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, "त्यांची भेंडी केवढाली असती?"

बाई, तुमचं पटलं. बुरशीचा सगळ्यात खराब रवा खिडकीशी वेगळा ठेवलाय, आज पहिला फोटो काढला. बाकीचे आठ मोडून पुन्हा भिजत घातलेत. हंगाम सुरू व्हायला वेळ आहे, पण बांधावर भेंडीची झाडं उभी आहेत. रविवारी जाऊन घेऊन येते आणि पातळ कागद निघाला की इथे फोटो टाकते.