अन्ननलिकेत अडकलेली गोल वस्तू: नाणं की बटन सेल?

प्रश्न
दोनेक वर्षांचं मूल, लाळ गळतेय, घास घेत नाही. काय गिळलं ते कुणी पाहिलेलं नाही. एक्स-रेत अन्ननलिकेच्या वरच्या भागात गोल सावली आहे. नाणं की सेल (घड्याळ, रिमोटमधली चपटी गोल बॅटरी), हे कसं ओळखायचं? एंडोस्कोपी (दुर्बिणीने आत पाहून वस्तू काढणं) होईपर्यंत तोंडाने काही द्यावं का?

उत्तर १
समोरून आणि बाजूने, दोन्ही एक्स-रे हवेत. समोरचा फोटो मोठा करून कड पाहा: सेलच्या कडेच्या आत दुसरं कडं दिसतं, बाजूच्या फोटोत पायरी दिसते. नाण्याची कड सलग असते. पण पातळ सेलची पायरी नजरेतून सुटते, म्हणून शंका असली तर सेलच धरा.

सेल फुटून आतलं रसायन सांडल्यामुळेच भाजतं, हा समज चुकीचा. ओल्या ऊतीतून विद्युतप्रवाह वाहतो आणि ऋण बाजूला हायड्रॉक्साइड तयार होतं, ते ऊती जाळतं. म्हणून उपकरण चालेनासं झालं म्हणून काढलेला सेलसुद्धा भाजतो. 20 मिमीच्या लिथियम सेलने 2 तासांत गंभीर इजा होऊ शकते. पायरीची अरुंद बाजू ऋण असते. ती पुढे आहे की मागे, हे नोंदवा. भाजणं ऋण बाजूला होतं आणि पुढे श्वासनलिका असते.

उत्तर २
सेलची शंका असेल, मूल 1 वर्षापेक्षा मोठं, गिळून 12 तास झालेले नाहीत आणि गिळता येतंय, तर दर 10 मिनिटांनी 10 मिली मध, जास्तीत जास्त 6 वेळा. रुग्णालयात सुक्राल्फेट (आतल्या अस्तरावर थर देणारं औषध), तेवढंच, तितक्याच अंतराने, 3 वेळा. अन्ननलिकेला छिद्र पडल्याची शंका असेल तर दोन्ही नको. उलटी करवू नका, बेरियम (एक्स-रेसाठीचं पांढरं द्रव) पाजू नका.

प्रश्नकर्ता
मध पोटात गेल्यावर भूल देण्यासाठी थांबावं लागेल ना?

उत्तर २
नाही. सेल अन्ननलिकेत असेल तर पोट भरलेलं असलं तरी थांबत नाहीत. भूलतज्ज्ञ त्या तयारीनेच भूल देतात. मधाने इजा मंदावते, थांबत नाही.

उत्तर ३
नाणंच आहे याची खात्री असेल आणि मुलाला काहीच त्रास नसेल, तर 12 ते 24 तास थांबून पुन्हा एक्स-रे काढता येतो. खालच्या भागातलं नाणं पुष्कळदा आपोआप पोटात उतरतं. या मुलाची लाळ गळतेय, त्यामुळे नाणं असलं तरी लगेच काढायचं.

सेल काढल्यावर छिद्र दिसत नसेल तर 0.25 टक्के निर्जंतुक ॲसिटिक ॲसिडने, 50 ते 150 मिली, जागा धुतात, म्हणजे हायड्रॉक्साइडचा परिणाम कमी होतो. सेल निघाला तरी ऊती झिजत राहतात. महाधमनीपर्यंत भोक पडून रक्तस्राव काही आठवड्यांनीही होतो. घरी गेल्यावर थोडी जरी रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली तरी तडक रुग्णालयात आणायचं, हे पालकांना कागदावर लिहून द्या.