नीस: बीचवर नुसते गोटे, मग लोक जातात कशाला?

भटकी_मैना: मे मध्ये आईबाबांना घेऊन फ्रान्सला जातोय. पॅरिसनंतर नीस ठरलंय, पण व्हिडिओ बघतेय तर बीचवर वाळूच नाही आणि जो तो सांगतोय तिथे राहा अन् मोनॅको बघून या. नीसमध्ये स्वतःचं काही आहे का? बाबांना इतिहासाचं वेड, आईचे गुडघे दुखतात.

निवांतराव: अहो बीचसाठी जाऊच नका. हे गाव मुळात थंडीतलं. लंडनच्या धुक्याला कंटाळलेले, छातीचे विकार असलेले श्रीमंत इंग्रज हिवाळा काढायला यायचे, मागनं रशियन आले, उन्हाळ्यात डुंबायचं फॅड पार १९२० नंतरचं. समुद्राकाठचा तो फेमस प्रोमनाड (फिरायचा रस्ता) आहे ना, तो १८२० च्या सुमारास लुईस वे नावाच्या इंग्रज पाद्र्याने वर्गणी काढून गावातल्या बेकार लोकांकडून बांधून घेतला, म्हणजे चक्क दुष्काळी कामच ते. तेव्हा नीस फ्रान्सचं नव्हतंच, सार्डिनियाच्या राजाचं होतं. १८६० ला फ्रान्सकडे आलं, १८६४ ला रेल्वे आली आणि मग हॉटेलंच हॉटेलं. २०२१ ला युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं तेही ह्या हिवाळी शहरासाठीच, बीचसाठी नाही.

चकली१२: +१. बाबांना सिमिएला (नीसमधलाच टेकडीवरचा भाग) न्या, बस वरपर्यंत जाते. रोमन अवशेष आणि चित्रकार मातीसचं म्युझियम अगदी शेजारी शेजारी. तिथलं रेजिना हॉटेल बाहेरून बघा, व्हिक्टोरिया राणी उतरायची आणि नंतर त्याच इमारतीत मातीस राहिला. आता लोकांचे फ्लॅट आहेत, आत सोडत नाहीत.

निवांतराव: कॅसल हिलला लिफ्ट आहे, फुकट, आईंना काही त्रास नाही. फक्त वर किल्ला शोधत बसू नका, फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडला. दुपारी बाराला धडाम आवाज होतो, दचकू नका, रोजचा बार आहे.

खादाड_पंत: कूर सालेयाच्या बाजारात सोक्का खा. हरभऱ्याच्या पिठाचं, आपल्या धिरड्यासारखं पण भट्टीत भाजलेलं, वरून मिरपूड. गार झालं की चामट होतं, तिथेच उभ्याने संपवा. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी भाजीफुलांऐवजी जुन्या वस्तूंचा बाजार असतो.

भटकी_मैना: बाबा म्हणतात सोमवारीच जाऊ 😅