विषय: हायब्रिडची डिकी, सोमवारपर्यंत सांगा

पर्वरीहून, शुक्रवार रात्री

नमस्कार मंडळी,

सोमवारी बुकिंगचे पैसे भरायचेत, म्हणून घाईत लिहितोय. जुनी डिझेल एक्स्चेंजला देतोय (सहलीला अनमोड घाटात तापली होती तीच). टोयोटाची हायरायडर ठरल्यात जमा आहे. मारुतीची ग्रँड विटारा आतून तीच गाडी, तेव्हा ती सुचवू नका. अडलंय ते एवढ्यावरच, की साधी पेट्रोल ऑटोमॅटिक घ्यावी की स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी). हातातल्या दोन कोटेशनमध्ये ऑन-रोड फरक २ लाख ३० हजारांचा आहे. रोज पर्वरी ते वेर्णा आणि परत, महिन्यातून एकदा कुडाळ, म्हणजे महिन्याला साधारण १,२०० किलोमीटर. कंपनी हायब्रिडचं ॲव्हरेज २७.९७ सांगते, ते धरून हिशेब करायचा नाही एवढं कळतं. बाबांचे गुडघे तुम्हाला माहीतच आहेत. प्रत्यक्ष कुणी चालवतंय का?

आणि हायब्रिडची डिकी २६५ लिटर, साधीची ३७३. बॅटरी डिकीच्या तळाखाली असते म्हणून. आपल्या मंडळाची पेटी (हार्मोनियम), तबला-डग्गा आणि बॅनर माझ्याच गाडीतून जातं. मावेल का?

म्हापशाहून अण्णा, शनिवार सकाळी

साधी घे. मी कागदावर मांडलं. साधीचं १४ धर, हायब्रिडचं २० धर. महिन्याला ८६ लिटर विरुद्ध ६० लिटर, वाचले २६. लिटरला ९७ धरले तर अडीच हजार, वर्षाचे तीस हजार. २ लाख ३० हजार वसूल व्हायला साडेसात वर्षं लागतील. तोवर तुझी मुलगी कॉलेजात जाईल.

जीएसटी कमी पडतो म्हणून हायब्रिड घ्या, असं शोरूममध्ये अजून सांगतात. ते आता लागू नाही. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी हायब्रिडला सेससकट ४३ टक्के होते आणि चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाडीला ४५. आता दोन्हींना सरसकट ४० आहेत. सवलत मिळते ती इलेक्ट्रिकला, ५ टक्के. मग इलेक्ट्रिकच का नको?

पर्वरीहून

अण्णा, सोसायटीत चार्जिंगचा विषय दोन मीटिंगांत पडला. इलेक्ट्रिक नको. डिकीबद्दल सांगा.

फोंड्याहून माई, शनिवार दुपारी

मी सव्वादोन वर्षं हायब्रिड चालवतेय, फोंडा-पणजी रोज. कंपनीचं नाव घेत नाही, दोन्ही-तिन्ही एकाच जातीच्या आहेत.

अण्णांचा गुणाकार बरोबर आहे, पण १४ कुठून आणले? पर्वरीच्या उड्डाणपुलाचं काम चालू असताना त्या रस्त्यावर साधी ऑटोमॅटिक १४ देत नाही. माझी आधीची सकाळी बाणस्तारीपासून पुढे ११ च्या वर जात नसे. आताची त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला २१ देते. कारण सरळ आहे. साधी गाडी रांगेत उभी असताना आणि रांगताना पेट्रोल जाळते. हायब्रिडचं इंजिन तेव्हा बंद असतं, मोटर ओढते, आणि ब्रेक दाबला की थोडी वीज परत बॅटरीत जाते. उलट कुडाळच्या हायवेवर एका वेगात शंभरने चालवलीस तर १८-१९ च मिळतील, तिथे फरक फार नाही. म्हणून तुझ्यासाठी १२ विरुद्ध २० धर. चाळीस लिटर वाचतात, महिन्याला पावणेचार हजारांच्या वर. पाच वर्षांत वसूल.

बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. तुझ्या चालण्याने आठ वर्षांत सव्वा लाखसुद्धा होत नाहीत.

पण माझ्या मते पैशांपेक्षा एसीचा मुद्दा मोठा. मे महिन्यात पुलाच्या तोंडाशी अडकलो की साध्या गाडीचं स्टार्ट-स्टॉप इंजिन बंद करतं आणि दोन मिनिटांत गरम वारा येऊ लागतो. मग इंजिन पुन्हा चालू, पुन्हा बंद. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. इंजिन बंद असतं तरी एसी थंडच. सासूबाईंना डायलिसिसला बांबोळीला नेताना ह्याची किंमत मला कळली. बाबांसाठी तू हे धर.

मडगावहून

पेट्रोल ९७ धरलंत ते ठीक. पण सावंतवाडी-बांद्याची माणसं अजून पत्रादेवीला टाकी भरायला येतात. २०१२ साली पर्रीकरांनी व्हॅट जवळजवळ काढला तेव्हा लिटरमागे ११ रुपये उतरले होते. मी तेव्हा बांद्याला नोकरीला होतो, रोज सीमेवर रांगा बघायचो. कुडाळला जाताना टाकी गोव्यातच भरा.

म्हापशाहून अण्णा

पेट्रोलचा विषय नाही हा. माई, १२ मान्य. मग पाच वर्षंच म्हणा. पण चोर्ला उतरताना बॅटरी भरते, पुढचे पन्नास किलोमीटर फुकट, असं सेल्समनने माझ्या भाच्याला सांगितलं. ह्यात तथ्य किती?

फोंड्याहून माई

तथ्य थोडं आहे. बॅटरी पाऊण युनिटची, फार छोटी. घाटात पाच-सहा वळणांत भरते. मग वीज ठेवायला जागा उरत नाही आणि गाडी उतारावर इंजिनचा ब्रेक लावते. इंजिन मोठ्याने घुमतं. पहिल्यांदा मी घाबरून गाडी बाजूला घेतली होती. तेव्हा पेट्रोल जळत नसतं, नुसता आवाज असतो. पण फुकटचे पन्नास किलोमीटर मिळत नाहीत.

वास्कोहून (सध्या बोटीवर, सिंगापूर)

हायब्रिड घेतलीत आणि महिना-दीड महिना गाडी उभी राहणार असेल, तर मोठ्या बॅटरीची काळजी नको, बारा व्होल्टची सांभाळा. गाडी जागी होते ती त्या छोट्या बॅटरीवर. चार महिन्यांनी मी घरी आलो तेव्हा ती मेली होती, रिमोटने दारही उघडेना. आता भाऊ दर पंधरा दिवसांनी गाडी ‘रेडी’ मोडमध्ये, म्हणजे चालू ठेवून अर्धा तास उभी करतो. घरातल्या कुणाला तरी हे शिकवून ठेवा.

मडगावहून

डिकीवरून आठवलं. पेटी कुणाच्या गाडीतून जाणार हे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलेलं आहे आणि ते पर्वरीकरांकडे आहे. चवथीच्या कार्यक्रमाआधी ते बदलायचं असेल तर बैठकीत मांडा, मेलवर नको.

पर्वरीहून, शनिवार रात्री

बदलायचं नाही, भाऊ. मावत नाही असं निघालं तरच मांडीन. पेटी सात वर्षं माझ्याकडे आहे, दुसऱ्या कुणाच्या गाडीत उलटीसुलटी ठेवलेली मला चालणार नाही. मागच्या वर्षी एका सुरपट्टीचा खर्च मंडळाने भरला, तो विसरलो नाही.

एक जण फोनवर म्हणाला, होंडा सिटीची हायब्रिड घे, सीट छान आहेत. तिची डिकीही ५०६ वरून ३०६ वर आलीये. आणि सेडानमध्ये बाबांना खाली वाकून बसवायचं, मग उठवायचं, ते मी रोज करणार नाही. उंच गाडीतच ते स्वतः बसतात.

फोंड्याहून माई

डिकीचं आकड्यावर ठरवू नकोस. हायब्रिडमध्ये तळ वर उचललेला असतो, त्यामुळे उंची जाते, लांबी-रुंदी नाही. पेटीचं खोकं आडवं बसतं. डग्ग्याला उंची लागते, तो अडेल. मागची सीट ६०:४० दुमडते. ४० ची बाजू पाडलीस की डग्गा तिथे, आणि बाबा ६० च्या बाजूला, तेही डाव्या दाराने. कुठली बाजू ६० ची ते मात्र तिथे बघ.

पर्वरीहून, रविवार दुपारी

आत्ताच शोरूममधून आलो. पेटी, तबला, डग्गा आणि बॅनरची नळी घेऊनच गेलो होतो. सेल्समनने आधी नको म्हटलं, मग स्वतः सीट पाडून दिली. पेटी आडवी बसली. डग्गा माईंनी सांगितलं तसा तिरका सीटवर, चादर गुंडाळून. बॅनरची नळी दोन सीटांमधून पुढे काढावी लागते, ती बाबांच्या कोपराला लागते. ती अण्णांच्या गाडीतून आली तर बरं.

बाबा टेस्ट ड्राइव्हला बसले. सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा म्हणाले, बंद पडली का रे? एसी चालूच होता.

उद्या हायब्रिडचे भरतोय. अण्णा, नळीचं सांगा.

म्हापशाहून अण्णा

नळी आणीन. पाच वर्षांनी हिशेब मागीन.