पावसाआधीची घराची डागडुजी : आपले अनुभव सविस्तर लिहा

२०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत येऊन थडकला. एरवी तो ११ जूनच्या आसपास, मृगाच्या आगेमागे येणार असे धरून आपण सगळी कामे आखतो. त्या वर्षी मात्र कुणाची कौले अर्धी उतरवलेली, कुणाच्या गच्चीवर रसायनाचा दुसरा हात राहिलेला, तर कुठे गटारातून काढलेला गाळ काठावरच पडलेला, अशा अवस्थेत पावसाने गाठले. म्हणून हा धागा यंदा लवकर काढत आहोत. आपल्या भागात, आपल्या प्रकारच्या घरात उन्हाळ्याच्या अखेरीस नेमके काय केले जाते, कोणते काम कोणत्या कामाच्या आधी उरकावे लागते आणि ते करणारी माणसे अजून मिळतात का, हे लिहावे. ‘सगळे नीट तपासून घ्यावे’ हा सल्ला सर्वांना पाठ आहे. त्याऐवजी घरातली नेमकी जागा, वापरलेले साहित्य आणि त्यामागचे कारण सांगितले तर इतरांना उपयोग होईल.

देवरुखजवळून

आमचे घर जांभ्याचे आहे. माजघरावर मंगलोरी कौले आणि मागच्या पडवीवर अजून कुंभारी नळे, म्हणजे कुंभाराने घडवलेली अर्धगोल कौले आहेत. दोन्ही छपरे मातीचीच असली तरी त्यांचे काम वेगळे असते. नळे एकमेकांत अडकलेले नसतात, नुसते एकावर एक पालथे-उताणे बसवलेले असतात. वानर, मांजरे आणि वारा यांनी ते वर्षभरात सरकतात, त्यांच्या पन्हळीत पालापाचोळा साठतो, आणि पाणी त्या पाचोळ्याला अडून बाजूने घरात उतरते. त्यामुळे नळे दरवर्षी परतावेच लागतात. मंगलोरी कौल खाचेत बसते, म्हणून ते दरवर्षी उतरवण्याची गरज नसते. फुटके तेवढे बदलायचे आणि खाचांमध्ये बसलेली माती व शेवाळ काढायचे.

तडा गेलेले कौल नजरेला दिसतेच असे नाही. आमच्याकडे शाकारणीला, म्हणजे छपराच्या डागडुजीला येणारे काका प्रत्येक संशयित कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. चांगले कौल खणखणीत वाजते, तडकलेले बद्द आवाज करते. छपरावर चालताना ते कौलाच्या मध्यावर कधीही पाय देत नाहीत; खाली जिथे रीप, म्हणजे कौलांना आधार देणारी आडवी लाकडी पट्टी आहे तिथेच पाऊल टाकतात. नवख्या माणसाला वर चढवले की दोन फुटके कौल बदलताना चार नवे फुटतात. हे काका आता थकले आहेत आणि त्यांच्या घरातले पुढचे कुणी या कामात नाही, त्यामुळे एप्रिलमध्येच त्यांची तारीख धरून ठेवावी लागते.

कौल पालथे केले की मागे कारखान्याची खूण उठवलेली दिसते. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून बदलीची कौले त्याच खुणेची लागतात. गावात कुणी जुने घर उतरवले की आम्ही शंभरेक कौले विकत घेऊन गोठ्यामागे रचून ठेवतो. कौले उतरवलेली असतानाच वासे आणि रिपांना डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचे तेल, लावून घेतो. वाळवी त्या लाकडाच्या वाट्याला जात नाही. हे तेल कातडी भाजते, त्यामुळे काठीला चिंधी बांधून लावतात आणि आधी हातांना खोबरेल चोळतात.

क्रमाविषयी विचारले आहे, तर आमच्याकडे आधी छपरावर आलेल्या फणसाच्या फांद्या तोडतात, मग कौलांचे काम होते, नंतर पागोळ्यांखालची चर मोकळी करतात, पश्चिमेकडच्या भिंतीला पावसाची झड अडवण्यासाठी झावळ्यांचे झाप बांधतात आणि अगदी शेवटी खळ्यातला मांडव उतरवतात. फांद्या नंतर तोडल्या तर त्या नेमक्या नव्या कौलांवर पडतात, हे सांगायला नकोच. मांडवाचे वाळके लाकूड आणि झावळ्या चुलीसाठी पडवीत रचल्या की घर पावसाला तयार झाले असे आम्ही समजतो.

मुलुंड, गृहनिर्माण संस्थेचे सचिव

आमच्या सात मजली इमारतीत दर मे महिन्यात एकच वाद रंगतो : गळतीचा खर्च कुणी करायचा. गृहनिर्माण संस्थांच्या नियमावलीप्रमाणे, म्हणजे आदर्श उपविधींप्रमाणे, पावसाच्या पाण्यामुळे आणि बाहेरच्या सामाईक नळवाहिन्यांमुळे होणारी गळती थांबवणे हे संस्थेचे काम आहे. वरच्या सदनिकेच्या न्हाणीघरातून खाली उतरणारे पाणी हा त्या सभासदाचा खर्च ठरतो. म्हणून ओल पाहिल्याबरोबर गवंडी बोलावण्याऐवजी ती कोरड्या दिवसांतही वाढते का, हे आम्ही एप्रिलपासून टिपून ठेवतो. भर उन्हाळ्यात ओल वाढत असेल तर ते पाणी पावसाचे नाही, हे सभेत कुणालाही पटते आणि निम्मा वाद तिथेच मिटतो.

गच्चीचे काम दिले तर ठेकेदाराला पूर्ण रक्कम देण्याआधी पाणी साठवून पाहणे आवश्यक असते. निचऱ्याची तोंडे बंद करून दोन इंच पाणी दोन-तीन दिवस ठेवायचे आणि खालच्या मजल्याची छते पाहायची. हजार चौरस फुटांच्या गच्चीला यासाठी सुमारे ४,७०० लिटर पाणी लागते, म्हणजे ऐन टंचाईत जवळजवळ अर्धा टँकर. सभासद कुरकुरतात, पण पावसानेच पहिली चाचणी घ्यायची असेल तर ठेकेदार तोवर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. आमच्या एका ठेकेदाराने दहा वर्षांची लेखी हमी दिली होती, आणि तिच्यातले बारीक अक्षरांतले कलम असे होते की कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातून आलेले पाणी हमीत धरले जाणार नाही. गच्चीचे पाणी बहुतेक वेळा तिथूनच येते. त्या सांध्यात गवंडी सिमेंटची गोलाई करतात, तिला ते वाटा म्हणतात. तो वाटा भिंतीपासून सुटलेला आहे का, हे आधी बघावे आणि मगच रसायनांच्या डब्यांची चर्चा करावी.

भिंतीतले पिंपळाचे रोप वरवर छाटणे म्हणजे त्याला खत घालणे आहे. सांधा उघडून मूळ काढावे लागते. राहिले बांधकामाच्या तपासणीचे : १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करण्याची तरतूद उपविधींत आहे. तिचा अहवाल एप्रिलच्या आत हातात पडला तरच उन्हाळ्यात काही करता येते.

धाराशिव जिल्ह्यातून

आमचे माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर आहे. स्लॅबवाल्यांना कदाचित हे गमतीचे वाटेल, पण मेच्या कडक उन्हात आत जो गारवा असतो त्यासाठी आम्ही ते राखून ठेवले आहे. तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यांवर काड्यांचा व पाल्याचा थर आणि सर्वांत वर दाबलेली माती, अशी त्याची रचना असते. पावसाआधी त्यावर खारी माती टाकतात. क्षारयुक्त चिकणमातीचे कण पहिल्या सरीत सुटे होऊन खालची छिद्रे बुजवतात आणि मग पाणी आत न मुरता उताराने पन्हाळ्याकडे जाते. ही माती ओढ्याकाठच्या एका ठरावीक जागेवरून आणली जाते. शेतातली काळी माती चालत नाही, कारण उन्हात तिला बोटभर भेगा पडतात.

माती टाकण्याआधी मागच्या वर्षीची सैल झालेली माती खरवडून खाली उतरवली पाहिजे, आणि नेमके हेच काम कंटाळ्यामुळे टाळले जाते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर दोन इंच मातीचा थर म्हणजे सुमारे नऊशे किलो वजन होते, आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. पिढ्यानपिढ्या थरावर थर चढत गेला की तुळयांवर किती भार आहे याचा अंदाज घरातल्यांनाच राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि असली जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. आमच्या घराला त्या वेळी काही झाले नाही. पण तेव्हापासून वडिलांनी नियम केला की जेवढी माती वर जाईल तेवढी आधी खाली आली पाहिजे, आणि पाट्या मोजण्यासाठी ते स्वतः शिडीपाशी उभे राहत.

तुळईचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे सुरीचे टोक टोचून पाहावे. सुरी सहज आत गेली तर लाकूड कुजले आहे, आणि ते घर अंगभर रंगवूनही धोक्याचेच राहते.

न्यू जर्सीहून, थोडक्यात

इथे हीच धावपळ ऑगस्टच्या शेवटी सुरू होते, मात्र डोळ्यांसमोर पावसाऐवजी थंडी असते. खिडक्यांच्या कडांचे भरण, छपराच्या पट्ट्या आणि मोटारीच्या वाटेवरचा डांबरी लेप ही कामे हवा उबदार असतानाच करावी लागतात, कारण गारठ्यात लेप नीट धरत नाही. पन्हळी मात्र आत्ता साफ करून भागत नाही. झाडांची पाने नोव्हेंबरमध्ये गळून संपल्यावर पुन्हा शिडी लावावी लागते. बाहेरच्या नळाचे पाणी आतून बंद करून नळ रिकामा करणे हे सर्वांत लहान काम आहे, आणि ते राहिले तर गोठलेले पाणी भिंतीतली नळी फोडते.

पुण्याहून, बंगल्याच्या मालकीणबाई

मुलुंडच्या सचिवांनी लिहिलेल्या वाट्याविषयी पूर्ण सहमत आहे. त्यात एवढीच भर घालते की मे महिन्यात केलेले सिमेंटचे काम उन्हानेच बिघडते. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे, त्यावर ओले गोणपाट पसरावे आणि किमान आठवडाभर ते ओलेच ठेवावे. गवंड्याला ‘पाणी मारा’ असे सांगून भागत नाही, घरातल्याच कुणीतरी ते काम अंगावर घ्यावे लागते.

आमच्या छताचे पाणी गाळून टाकीत घेतले जाते. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी शंभर लिटर पाणी होते, त्यामुळे गच्ची वेळेत झाडून-धुऊन घेणे आणि गाळणीतली वाळू बदलणे याला मी रंगकामाच्या आधीचे स्थान देते. पहिल्या सरींचे पाणी टाकीत न घेता सोडून द्यावे. अंगणातल्या झाडांच्या फांद्या छाटायच्या असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि मेच्या अखेरीस अर्ज केला तर परवानगी पावसातच मिळते.

आणखी एक : अर्थिंगचा, म्हणजे घरातली वीजजोडणी जमिनीला जोडण्याचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग त्याचा उपयोग कमी होतो. त्यात पाणी घालावे, आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या, पेटीतील स्विचचे चाचणीचे बटण दाबून तो खरोखर पडतो का, हे पाहावे.

नागपूरहून

आमच्याकडे कूलर उतरवणे हाच उन्हाळ्याचा अधिकृत शेवट असतो. बरेच जण टाकीतले पाणी ओतून देतात आणि कूलर तसाच खिडकीत ठेवतात. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि ती कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पुढे पावसाचे पाणी साचले की त्यातून अळ्या निघतात. म्हणून टाकी काथ्याने घासून, उन्हात पूर्ण वाळवून, तळाला गंज दिसल्यास तो खरवडून रंग लावावा. क्षारांनी कडक झालेल्या, कूलरच्या बाजूंच्या ताट्या फेकून द्याव्यात. खिडकीची मोकळी झालेली चौकट त्याच दिवशी बंद करावी, कारण इकडचा वळवाचा पाऊस सरळ पडत नाही.

श्रीवर्धनहून

देवरुखच्या ताईंनी कौलांविषयी लिहिले आहे. आमच्या आळीत आता कौले फार उरली नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि कौले पत्त्यांसारखी उडाली. त्यानंतर अनेकांनी पत्रे घातले. पत्र्याने घर तापते, पावसात बोललेले ऐकू येत नाही, तरीही वानरांच्या त्रासामुळे लोक पुन्हा कौलांकडे वळत नाहीत आणि मी त्यांना दोष देत नाही.

मात्र पत्रे घातले म्हणजे मेमधले काम संपले, हा समज चुकीचा आहे. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, तो कडेखाली शिरून उचलतो. त्यामुळे पहिला धोका कडेच्या आणि कोपऱ्यांवरच्या हुकांना असतो. दरवर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी मुलाला वर चढवून प्रत्येक हुकाची चाकी (नट) हाताने फिरवून बघायला सांगतो. सैल असेल ती आवळायची, आणि खालचे रबरी वायसर (वॉशर) उन्हाने कडक होऊन तडकले असेल तर ते बदलायचे, नाहीतर हुकाच्या भोकातूनच पाणी वाशावर ठिबकते. नवे वायसर घेताना जाड आणि मऊ पाहून घ्यावे. आमच्या बाजारात ते जूनमध्ये मिळत नाही, कारण तोवर सगळ्यांनाच त्याची आठवण झालेली असते.