मोठ्याच्या गोटात राहून 'नाही' म्हणता येतं का?

दीपाली_लालबाग: राज्यसेवेचा अभ्यास करतेय. काल दादरच्या अभ्यासिकेत वाद झाला. एक जण म्हणाला, महासत्तेच्या लष्करी करारात शिरलं की छोट्या देशाला स्वतःचं परराष्ट्र धोरण उरत नाही. पटलं नाही, पण उदाहरण सुचेना. कुणी 'नाही' म्हटलंय का?

बंदरकाका: म्हटलंय, दीपाली. २००३ मध्ये मी बॅलार्ड पिअरला क्लिअरिंग एजंटकडे होतो. बर्थ, म्हणजे धक्क्याला लागायची जागा, न मिळून एखादं जहाज दोन दिवस बाहेर नांगरून पडलं, की आमचे फोन थांबायचे नाहीत. आणि तिकडे अमेरिकेच्या एका अख्ख्या डिव्हिजनचं रणसाहित्य भरलेली जहाजं तुर्कस्तानच्या किनाऱ्याबाहेर आठवडेच्या आठवडे ताटकळत होती! इराकमध्ये उत्तरेकडून शिरायला त्यांना तुर्कस्तानातून वाट हवी होती. तुर्कस्तान १९५२ पासून नाटोत, म्हणजे अमेरिकेच्याच लष्करी करारात. १ मार्चला संसदेत मतदान झालं: बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. हजर सदस्यांपैकी निम्म्यांहून जास्त, म्हणजे २६७ मतं लागत होती. तीन कमी पडली, ठराव पडला. ती जहाजं शेवटी सुएझमार्गे कुवेतला गेली. पेपरातले ते आकडे मी डायरीत उतरवून ठेवले होते.

सह्याद्री७२: काका, एका मतदानाचं काय एवढं? न्यूझीलंडने १९८५ मध्ये 'बुकॅनन' ही अमेरिकी युद्धनौका नाकारली, तर पुढच्याच वर्षी अमेरिकेने संरक्षणाची हमी काढून घेतली. मिळवलं काय?

बंदरकाका: हमी गेली, हे खरंच. पण धोरण गेलं नाही. नौकेवर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे अमेरिका सांगेना, म्हणून पंतप्रधान डेव्हिड लाँगे यांच्या सरकारने ती येऊ दिली नाही. १९८७ मध्ये त्याचा कायदाच केला. पुढे २०१६ मध्ये 'सॅम्पसन' ही अमेरिकी युद्धनौका तिथे गेली, तेव्हाही तो कायदा होता, आजही आहे. बंदर आपलं, तर आत कोण येणार हे आपण ठरवायचं. माझी उभी हयात बंदरात गेली, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

दीपाली_लालबाग: आणि सोव्हिएत गोटात?

बंदरकाका: रुमानिया बघ. १९६८ मध्ये वॉर्सा करारातल्या, म्हणजे सोव्हिएत गोटाच्या लष्करी करारातल्या, फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्या, रुमानिया गेला नाही. तिथला नेता चाउसेस्कू याने राजधानी बुखारेस्टच्या चौकात उभं राहून जाहीर निषेध केला. घरात तो हुकूमशहाच, त्याचं कौतुक नाही सांगत. पण हे त्याला जमलं कसं, ते नीट वाच. सोव्हिएत फौजा रुमानियातून १९५८ मध्येच निघून गेल्या होत्या. पूर्व जर्मनीत मात्र त्या लाखोंनी मुक्काम ठोकून होत्या.