प्रतिसाद : मदत आणि भरवसा

२०२२ मध्ये आर्थिक संकटात सापडलेल्या श्रीलंकेला सुमारे चार अब्ज डॉलरची मदत देऊन भारताने शेजारात नेतृत्व सिद्ध केले, हा या चर्चेत मांडला गेलेला मुद्दा मला बव्हंशी मान्य आहे. त्या वेळी इतक्या तातडीने दुसरे कोणीही धावून गेले नव्हते. मात्र शेजारी देश आपल्याला केवळ संकटकाळच्या मदतीवरून जोखत नाहीत, आणि इथे कांद्याचा विषय चर्चेत यायला हवा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्यावर निर्यातबंदी घातली तेव्हा बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतच, हसत हसत का होईना, आधी कळवले असते तर बरे झाले असते असे सुनावले होते. तरीही पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला तीच बंदी तशीच अचानक आली.

माझे काम वाशीत निर्यातीच्या कागदपत्रांचे असल्याने ते दिवस जवळून पाहिले. कोलंबोला जाणारा माल न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर अडकला, लाल जाळीच्या गोण्यांतल्या कांद्याला कोंब फुटू लागले आणि तिकडच्या व्यापाऱ्याला काय सांगायचे हे कोणालाच सुचेना. देशांतर्गत भाव आवरणे ही सरकारची गरज असते, हे नाकारता येत नाही (आपल्याकडे कांद्याने सरकारे हलतात!), पण शेजाऱ्यांसाठी ठरावीक कोटा आधीच राखून ठेवणे अशक्य नव्हते. बांगलादेशाने त्यानंतर तुर्कस्तान आणि इजिप्तकडून कांदा मागवला.